दप्तर आत गेलं, पण बाहेर येतंय का?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या ऑफिसात रेकॉर्ड सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणारी दोन पोरं आली, लॅपटॉप उघडला, टेबलावरचा चहा बाजूला सरकवला आणि म्हणाली, "सर, तुमच्या सगळ्या फाईली ह्यात बसतील." गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे, म्हणजे आहे अण्णांचं, मी बिलं, चलनं, ऑडिट आणि जे दुसऱ्या कुणाला करायचं नसतं ते सगळं बघतो. पोरांनी सर्चमध्ये हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या रसाचा नंबर, टाकला आणि दोन सेकंदात टेस्ट सर्टिफिकेट स्क्रीनवर. अण्णा एकदम खूश. "घेऊन टाकूया की," म्हणाले, मग माझ्याकडं बघून, "तू जरा बघ एकदा." आता हे "जरा बघ" म्हणजे नेमकं काय बघायचं ह्यात माझे दोन महिने गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. रेकॉर्ड मॅनेजमेंट म्हणजे गुगल ड्राइव्ह नव्हे. ड्राइव्ह म्हणजे आपला माळा, टाकलं की झालं, सापडेल तेव्हा सापडेल. रेकॉर्ड म्हणजे "हे असं घडलं" ह्याचा पुरावा म्हणून जपलेला कागद. कस्टमरचं ड्रॉइंग येतं, सुपरवायझर त्यावर पेनानं खुणा करतो, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, तोवर तो चालू कामाचा कागद, त्यात काय खाडाखोड करायची ती करा. पण ज्या दिवशी त्या ड्रॉइंगवर माल बनून गाडीत चढला त्या दिवशी ते ड्रॉइंग, त्याची रिव्हिजन, चलन, इन्स्पेक्शन रिपोर्ट, टेस्ट सर्टिफिकेट सगळं गोठलं. आता त्यात कुणी हात घालायचा नाही, कुणी उघडून बघितलं त्याची नोंद राहिली पाहिजे, ठरलेली वर्षं ते टिकलं पाहिजे आणि वर्षं संपली की रीतसर नष्टही झालं पाहिजे. हे शेवटचं आपण कुणीच करत नाही, १९९८ ची हजेरीपत्रकं आमच्याकडं अजून आहेत, का आहेत ते विचारू नका. ह्या विषयाचं आयएसओ १५४८९ नावाचं एक मानक आहे, २००१ मध्ये आलं, २०१६ मध्ये सुधारलं. त्यात चांगल्या रेकॉर्डचे चार गुण सांगितलेत, आपल्या भाषेत सांगायचं तर अस्सल आहे का, भरवशाचं आहे का, मध्ये कुणी छेडछाड केली नाही ना, आणि लागेल तेव्हा उघडून वाचता येतंय का. ते दोन सेकंदांचं सर्च ह्यातल्या फक्त चौथ्या गुणात येतं, तेही अर्धंच.

आम्हाला असलं काहीतरी पाहिजे होतं हे मात्र खरं, कारण २०१९ चा महापूर. तेव्हा आमचं ऑफिस व्हीनस कॉर्नरजवळ तळमजल्यावर होतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतात, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही खालच्या दोन कप्प्यांतल्या फाईली वरच्या कप्प्यात रचल्या आणि लई शहाणपणा केला असं समजून घरी गेलो. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर कपाटच आडवं. बॉक्स फाईली फुगून इतक्या घट्ट झालेल्या की आतली क्लिप उघडेना, कागदाला कागद चिकटलेला, सोडवायला गेलं की वरचा निम्मा कागद फाटून हातात यायचा. गच्चीवर दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात तसे चिमटे लावून कागद वाळवले. बॉलपेनचं लिहिलेलं राहिलं, शाईच्या सह्या आणि इंकजेटच्या प्रिंटा वाहून गेल्या, वजनकाट्याच्या थर्मल पावत्या तर पार कोऱ्या. आणि सहा महिन्यांनी एका कस्टमरनं चार वर्षांपूर्वीच्या हीटचं सर्टिफिकेट मागितलं. भट्टीच्या त्या रसात कार्बन किती, सिलिकॉन किती हे त्या कागदावर असतं, पार्ट तुटला तर सगळ्यात आधी तोच कागद मागतात. आम्ही फौंड्रीवाल्यांसमोर हात पसरले, त्यांच्याकडं कॉपी होती म्हणून वाचलो.

तर अण्णांना क्लाउडचं, म्हणजे फाईली इंटरनेटवरून दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायचं, आकर्षण का हे मला कळतंय. पण पंचगंगेचं पाणी निदान फुटाफुटानं चढताना दिसतं, सॉफ्टवेअर कंपनी बुडते तेव्हा कसला इशारा नाही न् काही नाही.

हे सॉफ्टवेअर ज्याला अर्ली स्टेज म्हणतात तसलं. पाच-सहा जणांची टीम, पैसे देणारे गिऱ्हाईक मोजके, दर पंधरा दिवसाला स्क्रीनवरची बटणं जागा बदलणार, पहिले तीन महिने फुकट. ह्याचे फायदे खरे आहेत, उगाच नाक मुरडायला नको. आपण फोन केला तर ज्यानं कोड लिहिलाय तोच उचलतो, दर घासाघीस करून मिळतो, "हीट नंबरसाठी वेगळा रकाना द्या" म्हटलं की आठवड्यात मिळतो. मोठ्या कंपनीकडं हे मागून बघा, तिकीट नंबर मिळेल फक्त. धोका असा की ही टीम पैसे संपले म्हणून बंद पडू शकते, दुसरा कुणी विकत घेऊन टाळं लावू शकतो, नाहीतर पोरांनाच वाटू शकतं की ह्यात काही राम नाही, आपण हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर करूया. अमेरिकेत निर्व्हॅनिक्स नावाची कंपनी होती, मोठमोठ्या कंपन्यांचा डेटा साठवायची, सप्टेंबर २०१३ मध्ये तिनं गिऱ्हाइकांना सांगितलं की साधारण दोन आठवड्यांत आपापला डेटा उचला. नंतर मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण टेराबाइटच्या टेराबाइट तेवढ्या दिवसात उपसायचे म्हणजे काय हाल झाले असतील बघा.

आता हे वर्षांच्या हिशेबात मांडा, मग खरी गंमत कळते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायची. म्हणजे २०२३-२४ ची बिलं घ्या, रिटर्नची तारीख ३१ डिसेंबर २०२४, तिथून सहा वर्षं, ३१ डिसेंबर २०३०. अपील वगैरे चालू असेल तर त्याहून पुढं. आणि आपण प्रायव्हेट लिमिटेड असलो तर २०१३ च्या कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं. ऑटोमोबाईलवाले कस्टमर करारात आणखी काय काय लिहून घेतात ते वेगळंच. म्हणजे कागद टिकायला पाहिजे आठ वर्षं आणि जे सॉफ्टवेअर तो सांभाळणार त्याचं स्वतःचं वय दोन वर्षं. म्हणून मी फीचरची यादी बाजूला ठेवली आणि सगळं उलट्या टोकानं बघायला घेतलं, हे सॉफ्टवेअर उद्या मेलं तर आपलं दप्तर आपल्या हातात कसं येतं?

कोल्हापूरकरांना ही भानगड काय नवीन नाही. पूर्वी गावचं दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडं असायचं, वतन पिढीजात, दप्तर रुमालात बांधलेलं आणि लिपी मोडी. कुणाची जमीन किती, सारा किती, हे साध्या कुणब्याला त्याच्याकडूनच समजून घ्यावं लागायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा ही पिढीजात मक्तेदारी मोडली. सॉफ्टवेअरवाले ह्याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात, म्हणजे माल आपला पण तो वाचायची किल्ली दुसऱ्याकडं. फाईल त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या फॉरमॅटात, त्यांच्याच स्क्रीनमधून दिसणार, हे मोडीचंच भावंड झालं की. मोडी वाचणारे निदान आजही थोडेफार सापडतात.

त्यामुळं पहिली टेस्ट बाहेर काढायची. ट्रायल चालू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी २०० फाईली आत टाकल्या, प्रत्येकीला पार्टीचं नाव, तारीख, हीट नंबर भरला आणि लगेच सांगितलं, आता हे सगळं मला परत द्या, आम्ही सोडून चाललोय असं समजा. पोरं जरा गोंधळली, अजून घेतलंच नाही तर सोडता कुठं? तीन दिवसांनी एक झिप फाईल आली. उघडली तर २०० पीडीएफ आणि प्रत्येकाचं नाव म्हणजे बत्तीस अक्षरांची आकडे-अक्षरांची खिचडी. कुठली फाईल कुणाची काही कळेना, भरलेली पार्टीची नावं, तारखा, हीट नंबर ह्यातलं काहीच सोबत नाही. म्हणजे कागद परत आले पण फाईलवरची लेबलं सगळी सोलून. ही लेबलं म्हणजेच मेटाडेटा, आणि रेकॉर्डमधली निम्मी किंमत त्यातच असते, लेबल नसलेली एक लाख पानं म्हणजे रद्दी.

तुम्ही हे करून बघाल तेव्हा मागायचं काय ते सांगतो. मूळ फाईल जशीच्या तशी, मूळ नावानं. सोबत एक साधी एक्सेलमध्ये उघडणारी यादी, सीएसव्ही म्हणतात तिला, त्यात प्रत्येक फाईलीसमोर सगळे रकाने. जुन्या व्हर्जन असतील तर त्याही. कुणी कधी काय केलं त्याचा लॉग. आणि हे सगळं त्यांना फोन न करता आपल्या लॉगिनमधून एका बटणावर मिळालं पाहिजे, कारण कंपनी बुडेल त्या दिवशी फोन कोण उचलणार. फायली पीडीएफ-एमध्ये मिळाल्या तर उत्तम, ती पीडीएफचीच जास्त वर्षं टिकण्यासाठी बनवलेली जात, फॉन्टसकट सगळं आतच असतं, २००५ पासून तिचं आयएसओ मानक आहे.

दुसरी टेस्ट जरा टेक्निकल वाटेल पण घरी बसून होते. प्रत्येक फाईलीला तिच्या आतल्या मजकुरावरून काढलेला एक हॅश असतो, फाईलीच्या अंगठ्याचा ठसा समजा. एसएचए-२५६ पद्धतीनं काढला की ६४ अक्षरांचा येतो, आणि फाईलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड असते, फुकटच, तिच्यानं निघतो. मी वीस फाईलींचे ठसे आधी काढून वहीत चिकटवले, फाईली आत टाकल्या, बाहेर काढल्या, परत ठसे काढले. चौदा जुळले नाहीत. माझ्या पोटात गोळा. विचारलं तर म्हणे, "सर, ते आम्ही जागा वाचवायला पीडीएफ कॉम्प्रेस करतो, दिसायला काही फरक नाही पडत." दिसायला नाही हो, पण ह्यातल्या तीन फाईलींवर डिजिटल सही होती आणि फाईल अशी दाबून परत बनवली की सही इनव्हॅलिड दाखवते. इ-इनव्हॉइसचा क्यूआर कोड फार दाबला की स्कॅन होत नाही ते वेगळंच.

हे एवढं लावून धरायचं कारण कोर्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याचं कलम ६३ म्हणजे जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ बीच्या जागेवरचं. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा दिलेली आहे. मूळ फाईल कुठं गेली, ही बारीक झालेली कुठून आली, हे समोरचा वकील विचारणारच. पोरांनी नंतर कॉम्प्रेस बंद करायची सोय दिली, पण मी विचारलं नसतं तर आठ वर्षं आम्ही दाबलेल्या फाईलीच साठवत बसलो असतो.

आणि एक, स्कॅन झालं म्हणून कागद टाकून देऊ नका लगेच. स्टॅम्पपेपरवरचे करार, खरेदीखतं, मृत्युपत्र, असलं काही असेल तर मूळ प्रत तिजोरीतच.

मग डिलीट. साध्या युजरच्या लॉगिननं एक चलन डिलीट करून बघा, मग ॲडमिननं करून बघा. ज्या फाईलीला "२०३० पर्यंत ठेवा" असं लावलंय ती कुणालाच, मालकालासुद्धा, मुकाट उडवता येता कामा नये, आणि उडवायचा प्रयत्न केला ह्याचीही नोंद पडली पाहिजे. आमच्या ट्रायलमध्ये युजरला अडवलं, ॲडमिनला नाही अडवलं. वरून ॲडमिनला लॉगही साफ करता येत होता, म्हणजे चोरालाच रजिस्टर सांभाळायला दिल्यासारखं. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग सक्तीचा आहे, आणि तो बंद करता येता कामा नये अशी अट आहे. तो नियम टॅलीसारख्यांना लागू, रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरला तसाच्या तसा नाही, पण त्यामागचं डोकं इथंही चालतं.

सर्चबद्दल. डेमोतल्या फाईली कायम गोऱ्यापान असतात, लेझर प्रिंट, सरळ स्कॅन, इंग्रजी. तुम्ही तुमच्या काळ्याकुट्ट फाईली घेऊन बसा. कार्बनची तिसरी प्रत, ऑइल लागलेलं चलन, ड्रायव्हरनं गुडघ्यावर ठेवून सही केलेली पावती, ग्रामपंचायतीचा दाखला. छापील मराठी सॉफ्टवेअरनं बऱ्यापैकी ओळखलं, हाताचं लिहिलेलं मराठी जवळपास नाहीच. एक जागा अशी आहे की कुणी सांगत नाही, जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टात टाईप केलेली पत्रं. स्क्रीनवर झकास मराठी दिसतं पण आतला मजकूर खरं म्हणजे वेगळ्याच अक्षरांचे कोड असतात, फॉन्टनं फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला, युनिकोड नाही. सर्चमध्ये "करारनामा" टाकलं तर शून्य. असल्या फाईली चित्र म्हणून परत ओळखायला लावाव्या लागतात, ते त्यांना जमतं का विचारा. आमच्याकडं २०१० च्या आधीचा सगळा मराठी पत्रव्यवहार असाच आहे.

आणि हे सगळं कोण वापरणार? मी नाही, डिस्पॅचचा आमचा माणूस. त्याला एक चलन चढवायला बसवलं आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. पहिल्यांदा चार मिनिटं, दहाव्यांदा दीड मिनिट. दिवसाला चाळीस चलनं, म्हणजे तासभर. "साहेब, गाडी उभी असती तवा मी ह्यात बोटं घालत बसू काय?" म्हणाला, आणि बरोबर आहे त्याचं. मग रकाने नऊ होते ते चार केले, पार्टी आणि तारीख चलनावरून आपोआप उचलायची केली, चाळीस सेकंदावर आलं. मालकाला दाखवलेल्या डेमोत हे कधी कळत नाही, आणि सॉफ्टवेअर पडून राहतं ते बहुतेक वेळा असल्याच कारणानं. त्यात आमच्याकडं दुपारी कधीतरी नेट जातंच, तेव्हा मोबाईलमध्ये काढलेला फोटो नंतर आपोआप चढतो का तेही बघून घेतलं, चढतो.

सुरक्षेचं थोडक्यात सांगतो, कारण इथं जाहिरात जास्त आणि माहिती कमी. "आमचं सगळं ॲमेझॉनच्या सर्व्हरवर आहे, ते सर्टिफाइड आहेत," हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. कॉम्प्लेक्सला वॉचमन आहे म्हणजे तुमच्या गाळ्याला कुलूप आहे असं होत नाही. त्यांचं स्वतःचं काय ते विचारा. माहितीच्या सुरक्षेचं आयएसओ २७००१ सर्टिफिकेट आहे का, एसओसी-२, म्हणजे बाहेरच्या ऑडिटरनं सुरक्षा तपासल्याचा, रिपोर्ट असेल तर टाइप १ की टाइप २, पहिला म्हणजे एका दिवशी कुलूप लावलेलं बघितलं, दुसरा म्हणजे काही महिने रोज लावत होते का ते बघितलं. नव्या कंपनीकडं बहुतेक ह्यातलं काही नसतं, त्यावरून लगेच हाकलू नका, पण मग निदान लॉगिनला ओटीपी आहे का, आणि फाईलची लिंक कॉपी करून लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडली तर उघडते का, एवढं स्वतः करून बघा. उघडली तर तिथंच चहा पाजून निरोप द्या. सर्व्हर भारतात आहे का हेही विचारायचं, कंपन्यांची हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक ठेवली तर त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा असा नियम २०२२ पासून आहे. आणि कामगारांची आधार कार्डं, बँक पासबुकं ट्रायलमध्ये अजिबात टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्याची, म्हणजे आपली, सॉफ्टवेअरवाल्याकडं बोट दाखवून सुटता येत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी.

बॅकअप घेता का, असं विचारूच नका. सगळे हो म्हणतात. शेवटचा बॅकअप परत चढवून कधी बघितला, असं विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर १० मार्च २०२१ ला जळून खाक झालं, आणि काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आवारात होते, म्हणजे खालच्या कप्प्यातलं वरच्या कप्प्यात, आम्ही केलं तेच. मी एक पूर्ण फोल्डर मुद्दाम उडवलं आणि पोरांना म्हटलं, आणा परत. सहा तास लागले, आणि आदल्या रात्रीपर्यंतचं आलं, त्या दिवशी सकाळी चढवलेल्या अकरा फाईली गेल्या. हे दोन आकडे म्हणजेच बॅकअपचं खरं मोजमाप, किती वेळाचं काम बुडतं आणि किती वेळात परत उभं राहतं. आमच्यासारख्यांना एक दिवस बुडाला तर चालतो, कागद हातात असतो. इस्पितळ असतं तर मी नको म्हटलं असतं.

मग टीमकडं बघायचं. कंपनी रजिस्टर आहे का हे कंपनी मंत्रालयाच्या साइटवर दिसतं. पैसे देणारे गिऱ्हाईक किती, त्यातल्या एकाशी बोलायला द्या. हातात किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, हे विचारायला आपल्याला अवघड वाटतं पण विचारायचं, आमच्या पोरांनी चौदा महिने म्हणून सरळ सांगितलं आणि मला ते आवडलं. सोर्स कोड तिसऱ्याकडं ठेवायचा, एस्क्रो म्हणतात तो, असला सल्ला कुणी दिला तर हसून सोडा, कोड मिळाला तरी आपण मशीनशॉपवाले त्याचं काय लोणचं घालणार? त्यापेक्षा दर आठवड्याला आपला डेटा आपल्या हार्डडिस्कवर. करारात आम्ही चारच गोष्टी घालून घेतल्या, बंद करायचं तर ९० दिवस आधी लेखी सांगणार, डेटा यादीसकट परत देणार, परत दिल्यावर त्यांच्याकडचा पुसून तसं लिहून देणार, आणि वाद झाला तर कोल्हापूरचं कोर्ट. छापील नमुन्यात बेंगळुरू होतं. आता तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंचसुद्धा इथंच आहे, आम्ही कशाला बेंगळुरूला जातोय.

खर्चात एक चोरखिसा आहे. महिन्याला माणशी अमुक रुपये हा आकडा दिसतो, जुन्या फाईली स्कॅन करायचा आकडा दिसत नाही. आमच्याकडं पुरातून वाचलेल्या आणि नंतरच्या मिळून ४०० बॉक्स फाईली, प्रत्येकीत सरासरी २५० कागद, झाले एक लाख. स्कॅनरवर लिहिलेलं मिनिटाला २५ पानं वगैरे विसरा, पिना काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, स्कॅन, नाव, रकाने, एक माणूस दिवसाला ६०० कागद करेल. म्हणजे १६७ दिवस, सुट्ट्या धरून सात महिने एका माणसाचा पगार. अण्णांना हा हिशेब कागदावर दाखवला तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. शेवटी ठरलं की आजपासूनचं तेवढं आत जाईल, जुनं कुणी मागेल तेव्हा ती फाईल काढायची आणि त्याच वेळी स्कॅन करायची. न मागितलेलं तसंच राहील आणि वर्षं भरली की जाईल.

एवढं सगळं करून घेतलं का? घेतलं, पण एका वर्षासाठी आणि फक्त टेस्ट सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि चलनं. हिशेब, पगार, करार आत नाहीत. दर सुट्टीच्या आदल्या दिवशी मी एक्सपोर्ट काढतो आणि हार्डडिस्क अण्णा राजारामपुरीत घरी घेऊन जातात, दुसऱ्या मजल्यावर. त्या बत्तीस अक्षरी नावांवरून मी बराच बोललो होतो, तेव्हा पोरांनी एक्सपोर्ट नव्यानं लिहिलं, आता मूळ नाव, यादी, लॉग सगळं येतं. नव्या एक्सपोर्टमध्ये परत त्याच २०० फाईली मोजल्या तर १९८ भरल्या. दोन कुठं गेल्या म्हणून अर्धा दिवस शोधलं. बँकेच्या कामाला ठेवलेले अण्णांच्या जागेचे दोन उतारे होते ते, मी त्यांचं नाव "७/१२ उतारा" असं टाकलं होतं, आणि सिस्टीमनं मधली तिरकी रेघ म्हणजे फोल्डर समजून "७" नावाचं फोल्डर बनवलं आणि आत "१२ उतारा" ठेवून दिला. पोराला फोन केला, तो आधी दोन मिनिटं हसला, मग म्हणाला, "सर, संध्याकाळपर्यंत करतो." रात्री साडेनऊला मेसेज आला, परत मोजले, २००.